शिंगाच्या मुठीचं रिव्हॉल्व्हर

१

"ट्वेटबाई, तुम्ही मला नाल कशाला पाठवलाय?"

फोनवर नेब्रास्काचा प्रोखास्का होता. सहाशे मैलांवरचा बंदूकवाला. आर्लिस ट्वेटनं त्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण वीस वर्षं दोघांचा व्यवहार चोख होता. मोंटानातल्या माणसानं आपली बंदूक नेब्रास्कातल्या माणसाला विकली की ती आर्लिसच्या परवानाधारक दुकानातून प्रोखास्काच्या परवानाधारक दुकानात जायची. मग गिऱ्हाइकानं तिथे जायचं, फॉर्म भरायचा, चौकशीचा फोन व्हायचा, आणि सगळं ठीक असलं तर बंदूक हातात पडायची. परस्पर कोणाच्या घरी पाठवली तर पाठवणाराही तुरुंगात आणि घेणाराही.

"कसला नाल?" आर्लिस म्हणाली.

"घोड्याचा, अजून कोणाचा असतो? खोकं धड आहे, चिकटपट्टी धड आहे, पट्टीवर तुमची सही आहे. परवान्याची प्रत आहे. तुमच्याकडचा तो नेहमीचा लोकरी मोजाही आहे. फक्त मोज्यात रिव्हॉल्व्हर नाही. एक नाल आणि मूठभर नटबोल्ट. माझं सगळं टेबल गंजाच्या भुग्यानं भरलंय."

 आर्लिस खुर्चीत बसली.

ते रिव्हॉल्व्हर ब्रॉडी कास्टरचं होतं. एल्क हरणाच्या शिंगाची मूठ असलेलं, अख्ख्या तालुक्यानं ओळखावं असं. ब्रॉडी तिचा जावई, सिग्नीचा नवरा. जूनमध्ये एका संध्याकाळी त्यानं ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं, नळीचं तोंड बायकोकडे करून, आणि निवांत जेवला होता. सिग्नी खुर्ची सरकवेल तसं तो एका बोटानं ते तिच्याकडे वळवायचा. त्याच रात्री सिग्नी माहेरी आली. कोर्टानं हुकूम दिला, की ब्रॉडीनं तिच्यापासून पाचशे यार्ड लांब राहायचं आणि घरात एकही बंदूक ठेवायची नाही. त्याचा मोठा भाऊ लायल सगळ्या बंदुका आर्लिसच्या दुकानात विकायला घेऊन आला, कारण सत्तर मैलांत दुसरं दुकान नाही. बाकीच्या इथेच खपल्या. पण हे रिव्हॉल्व्हर सिग्नीला या राज्यातसुद्धा नको होतं. परराज्यातलं गिऱ्हाईक मिळेपर्यंत तिला झोप नव्हती.

आणि ते राज्याबाहेर गेलंच नव्हतं.

"डेल्मर," आर्लिस नवऱ्याला म्हणाली, "ब्रॉडीचं रिव्हॉल्व्हर पोचलं नाही. खोक्यात नाल निघाला."

डेल्मर समोर बसून अंडी खात होता. त्यानं काटा खाली ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"वारा पडला," तो म्हणाला.

"अरे, मी काय सांगतेय?"

"ऐकलं. सिग्नीला घराबाहेर सोडू नकोस. मी बहिणीकडचं कुंपण उरकून येतो." त्यानं टोपी घातली आणि गेला.

असेच हे पुरुष, आर्लिसला वाटलं. पोटात गोळा आला की यांना कुंपणं आठवतात.

२

शेरीफ ओडेगार्ड महामार्गावर उलटलेल्या ट्रकपाशी अडकला होता. "चारपर्यंत येतो," तो म्हणाला. "दारं लावून घ्या. आणि आर्लिस, आजच्या आज लेखी कळव, नाहीतर परवाना जाईल."

परवाना गेला खड्ड्यात, ती मनात म्हणाली. ते पिस्तूल याच गावात कोणाच्या तरी हातात होतं, आणि ते कोणासाठी ठेवलंय हे सांगायला शेरीफ कशाला हवा? तिनं सिग्नीला वरच्या खोलीत बसवलं, खाली कुलूप घातलं आणि किराणा दुकानाच्या कोपऱ्यातल्या पार्सलच्या काउंटरवर गेली.

काउंटरवरच्या बेव्हनं आधी हात कमरेवर ठेवले. "माझ्यावर संशय घेतेस? तीस वर्षं आपण एका चर्चच्या भांड्यातून कॉफी पितोय."

"संशय नाही गं. वजन सांग."

बेव्हनं वही उलटली. "सोमवारी तू आणलंस तेव्हा तीन पौंड सहा औंस. नेब्रास्कात उतरलं तेव्हा तीन पौंड सहा औंस. वाटेत कोणी हात लावलेला नाही. आणि तुझी ती पट्टीवरची सही मी ओळखते. ती फाडून पुन्हा कोण चिकटवणार?"

"म्हणजे खोकं माझ्याकडून निघालं तेव्हाच आत नाल होता."

"मी म्हणत नाहीये. वजन म्हणतंय." बेव्हचा आवाज खाली आला. "आर्लिस, तू माणसाचं तोंड बघून सांगतेस की. त्या तेलविहिरीवरच्या पोराचा फॉर्म सोळा आणे होता, तरी तू त्याला रायफल दिली नाहीस. महिन्याभरात त्यानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. सोमवारी तुझ्या दुकानात कोण कोण होतं? त्यांची तोंडं आठव ना."

आर्लिसनं आठवलं. सोमवारी सकाळी तिनं रिव्हॉल्व्हरवरचा नंबर वाचून रजिस्टरात लिहिला आणि ते डेल्मरकडे दिलं. तो मागच्या कामाच्या बाकावर तेल देऊन ते मोज्यात घालतो, आणि आर्लिस परवान्याची प्रत ठेवून पट्टी लावते. चौतीस वर्षांची रीत. मोजा भरून बाकावर पडला असताना डेल्मर अंगणात गेला होता, पाचेक मिनिटं. तेवढ्यात लायल कास्टर पावती घ्यायला आला आणि बाकापाशी रेंगाळला. सिग्नीही खाली आली होती, खोकं बंद होताना बघायला.

लायल. आणि लायलचा धंदा काय? घोड्यांना नाल ठोकणं.

आर्लिस थेट त्याच्याकडे निघाली.

३

लायल तबेल्यात एका तांबड्या घोडीचा खूर मांडीवर घेऊन बसला होता. आर्लिसनं सगळं सांगितलं तरी त्यानं खूर सोडला नाही.

"छान. म्हणजे मी चोरी करणार, आणि खोक्यात स्वतःचा नाल ठेवून येणार. नाव-पत्ता पण लिहिला असेल की."

"बाकापाशी तूच होतास, लायल."

"होतो. रिव्हॉल्व्हर बापाचं होतं, ट्वेटबाई. जाताना एकदा बघावंसं वाटलं. मोजा दिसला, हात लावला नाही." त्यानं खूर खाली ठेवला आणि कंबर सरळ केली. "किती नाल होते?"

"एक."

"एकच? आणि वजन भरलं?" त्यानं पेटीतला नाल काढून तिच्या हातात दिला. "हा घ्या. पाऊण पौंडसुद्धा नाही. एका नालात रिव्हॉल्व्हरचं वजन भरायचं तर तो घोडा होता की हत्ती?"

"नटबोल्ट पण होते."

"मूठभर नटबोल्टांनी दोन पौंड भरत नाहीत. विचारा त्या माणसाला, नाल केवढा आहे ते. मी सगळे सवारीचे घोडे करतो. ताटलीएवढा नाल असेल तर तो नांगराच्या घोड्याचा. तसले घोडे या भागात माझ्या जन्माच्या आधीच संपले."

आर्लिस जायला वळली, आणि त्यानं मागून हाक मारली. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"ब्रॉडीकडे नाहीये ते. असतं तर मला कळलं असतं. तो बंदूक नाही म्हणून धनुष्य घेऊन हरणामागे बसतो, रोज दुपारी, विलो ओढ्याच्या पुलापलीकडे. चार दिवस वाऱ्यामुळे गेला नव्हता. आज गेलाय."

"मला कशाला सांगतोस?"

"म्हणजे तुमची पोरगी दुपारभर तरी बिनघोर राहील." तो पुन्हा खाली बसला. "माझा भाऊ आहे, ट्वेटबाई. म्हणून काय मला दिसत नाही असं थोडंच आहे?"

४

सिग्नी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. ट्रकचा आवाज आला की ती अशीच बसते, जूनपासून.

"खरं सांग," आर्लिस म्हणाली. "तू काढलंस? भीतीपोटी काढलं असशील तर मी रागावणार नाही."

"आई, खाली दुकानात साठ बंदुका आहेत. मला हवी असती तर मी ती कशाला घेईन? ती बघितली तरी मला ओकारी येते." सिग्नी जरा थांबली. "या गावात बंदूक चोरायची गरज कोणाला आहे? ब्रॉडी सोडून सगळ्यांच्या घरी पाच पाच आहेत."

"तेच तर."

"आणि चोरलीच तर ती? ती कुठेही सापडली तरी लोक म्हणणार, ब्रॉडीची. दुसऱ्या कोणाचं नाव कोणाच्या तोंडात येणार नाही."

आर्लिसला ते वाक्य टोचलं, पण का टोचलं ते लगेच कळेना. तिनं प्रोखास्काला फोन लावला.

"नाल मोजून सांगा."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "माझी वीत पुरत नाही. दहा इंच आहे. नांगराच्या घोड्याचा असणार, जुना."

"अजून काही वेगळं दिसतंय? काहीही असू द्या."

"मोजा," प्रोखास्का म्हणाला. "तुमचे मोजे नेहमी तेलानं चिंब असतात. मी धुतसुद्धा नाही, त्यांनीच माझ्या बंदुका पुसतो. बायको हसते मला. हा मात्र कोरडा ठणठणीत आहे. तेलाचा टिपूस नाही, नुसता गंज."

आर्लिसनं फोन ठेवला. 

मोजा कोरडा. लायलनं बाकावरच्या मोज्यातून रिव्हॉल्व्हर काढून नाल घातला असता तर मोज्याला तेल लागलेलं असतं. सिग्नीनं काढलं असतं तरी लागलेलं असतं. बेव्हनं, वाटेतल्या कोणीही, प्रोखास्कानं स्वतः काढलं असतं तरीही. ज्या मोज्याला तेल नाही त्या मोज्यात रिव्हॉल्व्हर कधी गेलंच नव्हतं. मोजा भरला तेव्हाच त्यात नाल भरला होता.

आणि मोजा भरतो कोण?

५

मागच्या गोदामाच्या दारावर डेल्मरच्या बापानं नांगराच्या घोड्यांचे चार नाल ठोकले होते. चाळीस वर्षं ते तिथे होते. कोण बघतं आपल्याच दाराकडे? आर्लिसनं आज पाहिलं. तीन नाल होते आणि चौथ्याच्या जागी लाकडावर स्वच्छ पिवळट कमान उमटलेली होती.

तिनं दाराला हात टेकला. सोमवारपासून हा माणूस माझ्याशेजारी झोपतोय, ती मनात म्हणाली. माझ्या हातची अंडी खातोय. मी गावभर तोंडं बघत फिरले आणि घरातलं तोंड बघायचं राहून गेलं.

मग सगळं एकामागून एक जुळत गेलं. ब्रॉडीचा जीव ब्रॉडीच्याच रिव्हॉल्व्हरनं गेला, तर लोक काय म्हणतील? बायको गेली, अब्रू गेली, भावानं खोक्यातून काढून दिलेल्या बापाच्या पिस्तुलानं त्यानं स्वतःला संपवलं. डेल्मर चार दिवस वारा पडायची वाट बघत होता, कारण वारा पडल्याशिवाय ब्रॉडी ओढ्यावर जात नाही. आणि आज फोन आला तेव्हा त्याला कळलं की आता थांबता येणार नाही.

पण कदाचित तो खरंच कुंपणावर असेल. तिनं नणंदेला फोन केला नाही. तिनं मागच्या दाराच्या खुंटीकडे पाहिलं.

डेल्मरचं नारिंगी जाकीट खुंटीवरच होतं.

शिकारीच्या मोसमात या भागात शेंबडं पोरसुद्धा नारिंगी घातल्याशिवाय कुंपणापलीकडे पाय टाकत नाही. हरीण समजून कोणीही गोळी घालेल. डेल्मरनं तर स्वतःच्या भाच्याला एकदा यावरून थोबाडीत मारली होती. त्यानं जाकीट घरी ठेवलं होतं ते एकाच कारणानं. त्याला कोणाला दिसायचं नव्हतं.

सव्वातीन वाजले होते. आर्लिसनं ते जाकीट अंगात चढवलं.

६

डेल्मरची गाडी पुलाखाली, विलोच्या झुडपात घुसवलेली होती. इंजीन थंड होतं.

आर्लिस ओढ्याच्या काठानं चालत निघाली. पानं वाळून कडक झाली होती, प्रत्येक पावलाला आवाज होत होता आणि तिला तो आवाज हवाच होता. पुढे कॉटनवूडच्या झाडाशेजारी ब्रॉडी घडीच्या स्टुलावर बसला होता, मांडीवर धनुष्य. त्याच्यामागे वीसेक पावलांवर एक आडवं पडलेलं झाड होतं. डेल्मर तिला दिसला नाही. पण त्या झाडामागचं गवत एका जागी दबलेलं होतं.

ती सरळ चालत गेली आणि ब्रॉडीच्या पाठीमागे, त्या आडव्या झाडाकडे पाठ करून उभी राहिली.

चौतीस वर्षांत नवऱ्याकडे पाठ करायची तिला कधी भीती वाटली नव्हती. आज वाटली. त्याला मी कळले असेन ना? जाकीट त्याचंच आहे, चाल माझी आहे. बोट आधीच वाकलं असलं तर?

ब्रॉडी वळला. आधी दचकला, मग हसला.

"सासूबाई. हरणं पळवायला आलात?"

"रस्ता चुकले."

"इथे जन्म गेला तुमचा, आणि रस्ता चुकलात." त्यानं थर्मासमधली कॉफी ओतून घेतली. "सिग्नी कशी आहे? तिला म्हणावं, कोर्टाचा कागद फेब्रुवारीत संपतो. मी मोजतोय. बंदूक नसली तरी हात आहेत की मला." आणि त्यानं हात वर करून दाखवले, मजेत, बोटं हलवून.

आर्लिसला त्या क्षणी सिग्नी जिन्यात बसलेली दिसली. फक्त दोन पावलं. तिनं डावीकडे दोन पावलं टाकली असती की झालं असतं. कोणी काही विचारलं नसतं. फेब्रुवारी आलाच नसता. तिचा डावा पाय उचलला गेला, खरंच उचलला गेला.

मागे गवतात खट्ट झालं. रिव्हॉल्व्हरचा घोडा ओढल्याचा आवाज ती झोपेतही ओळखेल.

तिनं पाय परत होता तिथेच ठेवला.

"ऐकलं मी तू म्हणालास ते," ती ब्रॉडीला म्हणाली.  "शब्दन् शब्द ऐकला. आता ऊठ आणि घरी जा. या काठाला आज शिकारी आहेत."

ब्रॉडीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, पण त्याचं हसू मावळलं. त्यानं स्टूल आवरलं आणि निघाला, दोनदा मागे वळून बघत. तो जसजसा सरकेल तसतशी आर्लिस सरकत राहिली, कायम मध्ये. त्याची गाडी सुरू होऊन आवाज विरेपर्यंत ती हलली नाही.

मग ती आडव्या झाडाकडे वळली.

डेल्मर झाडामागून उठून आला. गुडघ्यांना चिखल, ओठ पांढरे.

"बाजूला का नाही झालीस?" तो म्हणाला.

तिनं हात पुढे केला. त्यानं रिव्हॉल्व्हर तिच्या हातावर ठेवलं. तिनं चक्र उघडलं. आत दोन गोळ्या होत्या.

"दुसरी कोणासाठी?"

डेल्मरनं तोंड ओढ्याकडे फिरवलं. "एकदा ते केल्यावर घरी येऊन जेवता आलं नसतं मला," तो म्हणाला. "म्हणून घेतली."

७

दुकानात आल्यावर आर्लिसनं दिवा लावला आणि काउंटरमागे गेली. डेल्मर सवयीनं तिच्यामागून आत येऊ लागला.

"इकडे नाही," ती म्हणाली. "तिकडे उभा राहा."

तो गिऱ्हाइकाच्या जागी उभा राहिला, टोपी हातात घेऊन. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. आर्लिसनं फॉर्म काढला नाही. फॉर्मवर नाव असतं, पत्ता असतो, गुन्हा केलाय का, नशा करतोस का, सगळं असतं. जे विचारायला हवं ते नसतं, म्हणून तर ती तोंडं बघते.

"कोणाला मारणार आहेस?" तिनं विचारलं.

"आता कोणालाच नाही."

तिनं दिव्याखाली त्याचं तोंड बघितलं, अनोळखी माणसाचं बघावं तसं. डोळ्यांत पाणी होतं, पण जबडा अजून आवळलेला होता. तेलविहिरीवरच्या त्या पोराचाही असाच होता.

"किल्ल्या," ती म्हणाली.

त्यानं जुडगा काचेवर ठेवला.

चार वाजून दहा मिनिटांनी शेरीफ ओडेगार्ड दार ढकलून आत आला. काउंटरवर शिंगाच्या मुठीचं रिव्हॉल्व्हर, शेजारी दोन गोळ्या, आणि अलीकडे-पलीकडे नवराबायको. तो दारातच थबकला.

"सापडलं," आर्लिस म्हणाली. "कुठे आणि कसं ते सगळं लिहून घे. डेल्मरनं काय केलं, मी कुठे उभी होते, ब्रॉडी फेब्रुवारीबद्दल काय म्हणाला. मी कोर्टात सांगणार आहे. कागद वाढवून मिळायचा तर मी तिथे का गेले होते तेही सांगावं लागेल."

"परवाना जाईल, आर्लिस. डेल्मरला तर मला आत्ताच न्यावं लागेल."

"माहीत आहे."

डेल्मरनं मान हलवली. टोपी घातली आणि शेरीफजवळ जाऊन उभा राहिला.

आर्लिसनं त्याचा जुडगा उचलून शेरीफच्या हातात दिला. मग खिशातून स्वतःचाही काढला आणि त्यावर ठेवला.

"हा कोणाचा?"

"माझा."

"तुझा कशाला? तू तर मध्ये उभी राहिलीस."

काचेच्या काउंटरमध्ये, ओळीनं मांडलेल्या पिस्तुलांवर, तिला स्वतःचं तोंड दिसत होतं. ती ते तसंच बघत राहिली, नीट, घाई न करता.

"डावा पाय उचलला होता मी," ती म्हणाली. वर जिन्यात पायरी वाजली, आणि सिग्नीनं हाक मारून विचारलं, "आई, ते आता राज्याबाहेर जाईल ना?"